जुन्या स्पीकरचा बेस परत आणताना: फोम, कस्टम्स आणि चिऱ्याच्या भिंती

आमच्या घरातली स्पीकरची जोडी माझ्या चुलत सासऱ्यांनी आणलेली. ते तारवटी (जहाजावर नोकरीला) होते, १९७६ च्या सुमारास मुरगाव बंदरात उतरताना हे दोन धूड त्यांच्याबरोबर उतरले. अमेरिकन बनावट, वरून अक्रोडाचं विनियर, एकेक पेटी वीस किलोच्या आसपास. आत खालच्या स्वरांचा १० इंची वूफर, त्यावर वरच्या स्वरांचा एक छोटा ट्विटर, आणि पेटी चारी बाजूंनी बंद. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे केलं ते त्या काळच्या बहुतेक बंद पेट्यांना लागू पडतं, आणि वूफरच्या कडेचा फोम सडण्याचा दोष कुणा एका कंपनीचा नाही.

गेली काही वर्षं आवाज बिघडत होता, पण हळूहळू, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हता. सप्टेंबर २०२३ मध्ये भाचा आला आणि त्याने मोबाइलवरचं एक रेकॉर्डिंग लावलं. गवयाचा आवाज नाकातून आल्यासारखा, झांजा कानात टोचणाऱ्या, आणि डग्गा जवळजवळ गायब. अ‍ॅम्प्लिफायरचं बेसचं बटण तोवर कायम उजवीकडे शेवटपर्यंत फिरवलेलं असे. "मामी, हे भंगारात काढ, साउंडबार घे," असं तो म्हणाला. साउंडबारची किंमत पाहिली तेव्हा आधी पेटी उघडून पाहू असं ठरवलं. मी नोकरीने हिशेबनीस आहे, इंजिनियर नाही. सोल्डरिंग शाळेच्या प्रदर्शनापुरतं केलेलं. तेव्हा माझ्यासारख्यांनी घाबरायचं कारण नाही, फक्त क्रम चुकवू नये. फुकटच्या तपासण्या आधी, पैशाच्या नंतर.

पहिली फुकटची तपासणी म्हणजे तारा. दोन्ही स्पीकरचे कोन (पुढचे हलणारे कागदी शंकू) एकाच वेळी एकाच दिशेने हलले पाहिजेत. एकाची तार उलटी असेल तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि खालचे स्वर हवेतच एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या स्वरांना तितका फरक पडत नाही, म्हणून गाणं चालू आहे असंच वाटतं. हे बघायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो: स्पीकरच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवायच्या, आणि तिथल्या टोकांपैकी लाल खुणेच्या तारेला सेलची धन बाजू, काळ्या खुणेच्या तारेला ऋण बाजू, क्षणभरच टेकवायची. कोन बाहेर आला तर बरोबर. आमची डावी पेटी बरोबर निघाली; उजवीची तार घराला रंग देताना कुणीतरी काढून उलटी लावली होती. ती सरळ केल्यावर डग्ग्याचा थोडा भाग त्याच संध्याकाळी परतला. खर्च शून्य.

दुसरी तपासणी बोटांनी. बंद पेटीत वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच, सरळ आत दाबायचा आणि सोडायचा. पेटी हवाबंद असेल तर तो सावकाश परत येतो. आमचा टपकन आला. नीट पाहिलं तर कोनभोवतीचा फोम बोट लावताच काळ्या चिकट भुग्यासारखा हाताला आला, आणि खालच्या बाजूला चक्क करंगळी जाईल एवढी फट.

हे असं का होतं ते थोडं सांगते, कारण गोव्यात राहणाऱ्याला ते जास्त लागू आहे. त्या काळचे फोम पॉलियुरेथेनचे. हवेतला ओलावा त्यांची रासायनिक साखळी तोडत जातो. वापरा किंवा ठेवून द्या, पंधरा-वीस वर्षांत तो मरतोच, आणि आमच्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत त्याआधीही. रबरी कडा असलेले स्पीकर जास्त टिकतात. बंद पेटीत तर फोम गेला की सगळंच गेलं. एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली ती याच कल्पनेवर, की पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरायचं. वूफरची स्वतःची ताणशक्ती मुद्दाम ढिली ठेवायची आणि हवेने त्याला आवरायचं. त्यामुळे लहान पेटीतूनही खोल खर्ज निघू लागला. आपलं घुमट (मडक्याच्या तोंडाला चामडं ताणलेलं वाद्य) वाजवणारा मागच्या तोंडावर हात कमीजास्त झाकून नाद बदलतो ना, तसंच: मागची हवा कशी अडवली आहे यावर पुढचा नाद ठरतो. फट पडली की हात सुटला.

ऑक्टोबरमध्ये वूफर काढले. आठ स्क्रू, मग टर्मिनलच्या तारा. तारा काढण्याआधी फोटो काढा, कुठली तार कुठे ते कागदावरही लिहा. पेटीत काचेच्या लोकरीसारखं भरण असतं. हातमोजे आणि मास्क घालूनच हात घालायचा, आणि ते होतं तितकंच परत भरायचं. काही जण जुनं म्हणून ते फेकून देतात. मग पेटी हवेला लहान भासते, आणि बेस खोल जायच्या ऐवजी एका ठिकाणी घुमत बसतो.

एका शुक्रवारी बाजाराच्या निमित्ताने म्हापशाला गेले आणि एका कोनिंगवाल्या (स्पीकरचे कोन दुरुस्त करणाऱ्या) काकांना वूफर दाखवला. त्यांचं मुख्य काम तियात्र (कोंकणी संगीत नाटक) आणि जात्रेच्या साउंडवाल्यांचं. दुकानभर जळलेल्या व्हॉइस कॉइल (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) लटकलेल्या. त्यांच्याकडे कापडी कडा होत्या, एकेक आठशे रुपयांना, त्याच दिवशी बसवून मिळाल्या असत्या. पण त्यांनीच त्या लावायला नकार दिला. "हाका मोव फोम जाय, जात्रेचो न्हय," म्हणजे याला मऊ फोम हवा, जत्रेतला नको, असं म्हणाले. कापडी कडा ताठ असते, मोठ्या आवाजाला टिकते, पण तिने वूफरची स्वतःची कंपनसंख्या वर चढते आणि घरच्या पेटीतला खर्ज तिथेच संपतो. व्हॉइस कॉइल त्यांनी मीटरवर तपासून दिली, कोन वरखाली करून घासतो का ते ऐकलं, आणि पैसे घेतले नाहीत. जाताना दारात आणखी एक वाक्य बोलले: "स्पीकराक दोश दिवचे आदीं खोली पळय गो बाय." (स्पीकरला दोष देण्याआधी खोली बघ.) ते वाक्य मला जानेवारीत कामाला आलं.

फोम किट परदेशातून मागवावं लागलं. इथे एक सूचना: "१० इंची फोम" असं शोधू नका. दहा इंचांतही कोनचा बाहेरचा व्यास, फोमच्या वळीची रुंदी आणि चौकटीवर चिकटणारी पट्टी वेगवेगळी असते. तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये घ्या, मॉडेल नंबर कळवा, आणि विक्रेत्याकडून होकार लेखी घ्या. किट ३४ डॉलर, पाठवणी २२ डॉलर, मिळून साधारण ₹४,६५०.

मग कागदपत्रं. पार्सल भारतात पोचल्यावर कुरियर कंपनीचा केवायसीचा संदेश आला. माझ्या आधारवर अजून माहेरचा, साखळी गावचा पत्ता, पार्सल जायचं फोंड्याला. नुसतं आधार चढवल्यावर दोन दिवसांनी "पत्ता जुळत नाही" म्हणून अर्ज परत. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे तेही एकटं चाललं नाही. शेवटी आधार, वीजबिल, आणि मी याच घरात राहते असं साध्या कागदावरचं सहीचं स्वयंघोषणापत्र, असं तिन्ही एका पीडीएफमध्ये करून पाठवलं तेव्हा पुढे सरकलं. त्यानंतर "फोम रिंग म्हणजे काय" अशी विचारणा. त्याला पैसे भरल्याची पावती, जुन्या वूफरचा फोटो आणि "जुन्या स्पीकरच्या दुरुस्तीचे सुटे भाग, वैयक्तिक वापरासाठी, विक्रीसाठी नाहीत" असं एक वाक्य जोडलं. हे सगळं मागवण्याच्या दिवशीच एका फोल्डरमध्ये तयार ठेवलं तर आठवडा वाचतो. विक्रेत्याला पार्सलवर "गिफ्ट" लिहायला सांगून काही साधत नाही. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच संपली आहे. आणि ड्यूटी नुसत्या वस्तूवर लागत नाही, पाठवणी आणि विमा धरून लागते. ड्यूटी आणि कुरियरचा हाताळणी-आकार मिळून मला ₹३,४०० पडले, म्हणजे किटच्या मूळ किमतीपेक्षा जास्त. तो आकडा बघून मी जरा वेळ गप्प होते. नवऱ्यानेही तेव्हा काही न बोलण्याचा शहाणपणा दाखवला.

पार्सल नोव्हेंबरच्या शेवटी हातात आलं, आणि ते बरंच झालं. पावसाळ्यात हे काम काढूच नका. गोंद वाळत नाही. डिसेंबरच्या कोरड्या हवेत वरच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून बसले.

सगळ्यात कंटाळवाणं काम जुना गोंद काढण्याचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश आणि बोथट सुरी. कागदी कोनवर अल्कोहोल ओतायचं नाही, कापसाने लावायचं, मऊ पडलेला थर सोलायचा. चौकटीवरचा गोंद खरवडायला त्याहून जास्त वेळ लागला. एकेका वूफरला एक अख्खी सकाळ गेली, पण इथे घाई केली तर नवा फोम वर्षभरात सुटतो असं सगळे सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे.

नवा फोम आधी कोनला चिकटवायचा, चौकटीला नंतर. किटमधला गोंद पांढरा, पाण्यावरचा, वाळल्यावर पारदर्शक होणारा. कोनची बाजू चिकटवून एक रात्र जाऊ दिली. चौकटीच्या बाजूला खरी परीक्षा असते, कारण व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत अगदी मधोमध राहिली पाहिजे. केसाएवढी सरकली तरी घासते. काही जण कोनच्या मधली टोपी (डस्ट कॅप) कापून आत पट्ट्या सरकवतात. मी दुसरा मार्ग घेतला: अ‍ॅम्प्लिफायर अगदी हळू ठेवून ३० हर्ट्झचा स्वर वाजत ठेवायचा, कोन डोळ्यांना दिसेल इतका हलतो, आणि गोंद ओला असताना फोम किंचित इकडेतिकडे सरकवत घासण्याचा खरखर आवाज पूर्ण थांबेल ती जागा शोधायची. मग कपडे वाळत घालायचे चिमटे चौफेर. बाटलीवर २४ तास लिहिलेले, मी ४८ ठेवले.

वूफर परत बसवताना चौकटीखालची गॅस्केट तुटलेली दिसली, तिथे फोमची चिकटपट्टी लावली. पुन्हा बोटांची तपासणी: आता कोन सावकाश, जणू आळसावून परत आला. त्या रात्री तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला असते. ती पहिल्यांदाच वेगळी ऐकू आली. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि कोण आलंय म्हणून दाराकडे पाहू लागल्या.

बेस आला तरी तोल आला नव्हता. गायिकेचा आवाज मधोमध न राहता डावीकडे झुकायचा, आणि तारसप्तकात कर्कश व्हायचा. म्हणजे क्रॉसओव्हर. हा खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे ट्विटरकडे पाठवणारा छोटासा बोर्ड, आणि त्यातले नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पन्नास वर्षांचे. ओळखीच्या एकाकडून कपॅसिटर मोजायचा मीटर आणला. ट्विटरच्या वाटेत खालचे स्वर अडवणाऱ्या कपॅसिटरवर १३ मायक्रोफॅरड छापलेलं; आकडा वाढला की तो कमी अडवतो. डाव्या पेटीतला १८ च्या पुढे मोजला, उजवीकडचा १४. म्हणजे डावा ट्विटर त्याच्या कुवतीबाहेरचे मधले स्वरही ओढत होता, आणि दोन पेट्या दोन वेगवेगळे स्पीकर झाल्या होत्या.

ते बदलायला फिल्म कपॅसिटर (प्लास्टिकच्या पातळ पट्टीचे) पणजीत हव्या त्या किमतीचे मिळाले नाहीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरियरने मागवले, सगळे मिळून ₹२,६००. नेमका आकडा बाजारात मिळत नाही म्हणून समांतर जोडायचे, समांतर जोडले की बेरीज होते: १० आणि ३.३ मिळून १३.३. एवढा फरक चालतो. मात्र दोन्ही पेट्यांना एकाच खोक्यातले, मोजून जुळवलेले लावा.

इथे एक गंमत आहे जी आधी कुणी सांगत नाही. नव्या फिल्म कपॅसिटरचा अंतर्गत रोध जुन्या इलेक्ट्रोलिटिकपेक्षा खूप कमी. मूळ रचना तो रोध धरूनच केलेली असते. त्यामुळे बदलल्यावर ट्विटर जास्त उजळ होतो, आणि बेस कमी झाला असं वाटू लागतं, जरी बेस तितकाच असला तरी. मी ट्विटरच्या कपॅसिटरशी एकसर ०.४७ ओहमचा पाच वॉटचा रोधक लावला. पंधरा-वीस रुपयांची वस्तू. झांजा जागेवर आल्या. पुष्कळदा बेस वाढवण्याची गरजच नसते, वरचं जरा खाली आणलं की खालचं दिसतं.

जानेवारीत खोलीकडे वळले. आमची बसायची खोली १८ बाय १४ फूट, चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. एका रेकॉर्डिंगवाल्या मित्राने मोजणीचा माइक आठवडाभर दिला. आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेता येतं. मोबाइलच्या माइकवर विसंबू नका, बरेच फोन खालचे स्वर मुद्दाम कापतात. आलेखात दोन गोष्टी दिसल्या.

एक, बसायची खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर १८ फुटांच्या खोलीची पहिली घुमण्याची जागा ३१ हर्ट्झला आणि १४ फुटांच्या बाजूची ४० हर्ट्झला येते, आणि मध्यावर बसणाऱ्याला नेमके हेच दोन स्वर सर्वात कमी ऐकू येतात. खुर्ची मागच्या भिंतीपासून सहा फुटांवर आणली. याला पैसे लागत नाहीत, फक्त टीपॉय कुठे जाणार यावर चर्चा लागते.

दुसरं, पेट्यांची समोरची बाजू पेट्यांच्या मागच्या भिंतीपासून एक मीटर. भिंतीवर आपटून परत येणारी लाट तिथे ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला मारते, आणि डग्ग्याचं अंग तिथेच. पेट्या मागे सरकवून अंतर ५५ सेंटिमीटर केलं, तेव्हा तो खड्डा १५७ च्या आसपास गेला आणि भिंतीचा आधार मिळून खालचं भरलं. अगदी कोपऱ्यात मात्र कोंबू नका. तिथे बेस मोजायला जास्त, पण पुरुषाचा आवाज डब्यातला होतो. जमिनीवरून उचलण्यासाठी प्रत्येकीखाली कंपाउंडच्या कामातून उरलेले दोन-दोन चिरे, मध्ये रबरी चटई. विकतच्या स्टँडची किंमत मी फक्त वाचली. फरशीवर सतरंजी अंथरली, तेवढ्याने वरचे स्वर अजून निवळले.

बेसचं बटण आता मध्यावर आहे. दहा डेसिबलने बेस वाढवायचा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून दहापट ताकद मागायची, आणि आमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर तीस वॉटचा. तो कण्हायचा आणि आम्ही स्पीकरला बोल लावायचो. रात्री आवाज हळू असताना मात्र लाउडनेसचं बटण बेलाशक दाबते. हळू आवाजात आपल्या कानालाच खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडलंय, आणि ते बटण त्यासाठीच असतं.

तपासायला कुठलं गाणं लावता यालाही अर्थ आहे. सासऱ्यांना केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका प्रिय (त्या इथल्याच, फोंडा तालुक्यातल्या केरीच्या), आणि त्यांनी पहिल्यांदा तेच लावून "बेस कुठे आहे?" विचारलं. ७८ आरपीएमच्या तबकड्यांत खालचे स्वर मुळातच फारसे उतरलेले नसतात. त्यावर स्पीकर जोखू नये. नंतरच्या काळातली जितेंद्र अभिषेकींची एखादी मैफल, ज्यात तानपुरा आणि डग्गा स्वच्छ आहेत, ती लावा. रोज तीच.

शिगम्याच्या सुमारास, मार्च २०२४ मध्ये, काम संपलं असं म्हणता आलं. हिशेब: किट आणि पाठवणी ₹४,६५०, ड्यूटी ₹३,४००, कपॅसिटर ₹२,६००, अल्कोहोल-ब्रश-रोधक-तारा-गॅस्केट मिळून ₹९००, एकूण ₹११,५५०. यात सर्वात स्पष्ट ऐकू येणारे बदल तीन: फोम, उलटी तार आणि खुर्ची. त्यातल्या दोघांना काही पडलं नाही.

उरलेलंही सांगते. डाव्या पेटीचा तळ ओलाव्याने फुगलाय, ते सुताराचं काम अजून बाकी. पावसाळ्यात पेट्यांवर प्लास्टिक घालत नाही, आत दमट हवा कोंडते. जाळ्या लावून ठेवते आणि आठवड्यातून दोनदा तरी वाजवते. फोम मऊ राहावा म्हणून खोबरेल किंवा सिलिकॉन लावायचा सल्ला एका शेजाऱ्यांनी दिला होता, तो ऐकला नाही. आणि चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची म्हणजे पेट्या हलणारच, त्यावर सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणून फरशीवर चिऱ्यांच्या कोपऱ्यांना आणि खुर्चीच्या पायांना रंगीत टेपच्या खुणा केल्या आहेत. विसर्जनानंतर भाचा त्या खुणांवर सगळं परत ठेवतो.